छोट्या व्यवसायाचं ऑनलाइन मार्केटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या व्यावसायिकांची सोशल मीडिया अकाउंट सांभाळणं हे माझं काम आहे. पहिल्याच भेटीत जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे उतरवले आहेत. घाईत असाल तर किमतीचा आणि इनबॉक्सचा प्रश्न आधी वाचा. बहुतेकांचं गिऱ्हाईक तिथेच गळतं.

माझं माउथ पब्लिसिटीवर छान चाललंय. सोशल मीडियावर यायलाच हवं का?

नाही. आहे ते कामच आवरत नसेल तर नव्या चौकश्या कशाला ओढवून घ्यायच्या? फक्त एक ध्यानात ठेवा. ‘त्यांच्याकडे जा, काम चांगलं करतात’ असं कुणी सांगितलं, की ऐकणारा आधी फोनवर नाव टाकून बघतो. तिथे काहीच सापडलं नाही, किंवा बंद पडलेला जुना नंबर सापडला, तर शिफारस वाया गेली. रील नसली तरी चालेल. पण काम काय करता, कुठे करता, कधी उघडे असता आणि फोन कुठला, हे शोधणाऱ्याला मिनिटभरात कळलं पाहिजे.

मग सुरुवात कुठून करू?

ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं किंवा जे गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करतात, त्यांनी गूगल बिझनेस प्रोफाइलपासून, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीपासून. २०२१ पर्यंत याला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत, त्यामुळे शिकवणारे जुने व्हिडिओ त्या नावाने सापडतील. ही नोंद मोफत आहे. ‘गूगलमधून बोलतोय, नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आधी हेच का? इन्स्टाग्रामवर माणूस वेळ घालवायला आलेला असतो, तुमची पोस्ट त्याच्या वाटेत मध्येच येते. शोधात ‘सायकल दुरुस्ती’ असं लिहिणाऱ्याची सायकल मात्र आत्ता बंद पडलेली असते. तो गरज घेऊन आलाय.

नोंद करताना मुख्य प्रकार, म्हणजे कॅटेगरी, नीट निवडा. कुठल्या शोधात तुम्ही दिसणार हे बरंचसं त्यावर ठरतं. नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. नावापुढे ‘उत्तम, स्वस्त, खात्रीशीर’ अशी शेपटी जोडणं नियमांत बसत नाही, त्यापायी नोंद निलंबितही होते. घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. बाहेरचा परिसर, पाटी, आतली अवजारं किंवा माल असं सगळं एका दमात, मध्ये न थांबता दाखवायचं असतं, म्हणून आधी एकदा रंगीत तालीम करा. आणि सुट्टीच्या दिवशीची वेळ बदलायला विसरू नका. ‘उघडं आहे’ असं वाचून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, की तो चिडून जातो आणि एक स्टार देऊन जातो.

निव्वळ ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना, ज्यांची गिऱ्हाइकाशी समोरासमोर गाठच पडत नाही, ही नोंद मिळत नाही. त्यांनी पुढच्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब… सगळीकडे असायला हवं का?

एका ठिकाणी धड असा, बाकी नंतर. जे बघून घेतलं जातं (कपडे, दागिने, सजावट, केशरचना) त्याला इन्स्टाग्राम मानवतं. जे समजून घ्यावं लागतं, म्हणजे एखादं यंत्र, अभ्यासक्रम, दुरुस्ती, त्याला यूट्यूब, कारण तिथला व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधात सापडत राहतो. कंपन्यांना सेवा पुरवत असाल तर लिंक्डइन. निवड जमत नसेल तर शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना विचारा, की तुम्ही फोनवर सगळ्यात जास्त वेळ काय बघता? माझ्या अंदाजापेक्षा त्यांचं उत्तर जास्त कामाचं.

माझं पर्सनल अकाउंट आहेच. त्यावरूनच धंदा केला तर?

फेसबुकवर पर्सनल प्रोफाइल मुख्यतः व्यवसायासाठी वापरणं नियमाविरुद्ध आहे, शिवाय ५,००० मित्रांवर ती थांबते. व्यवसायासाठी ‘पेज’ २००७ पासून आहे, तेच काढा. इन्स्टाग्रामवर सेटिंगमधून अकाउंट ‘बिझनेस’ करता येतं. मग फोनचं बटण लावता येतं आणि कुठली पोस्ट किती जणांपर्यंत गेली ते दिसू लागतं. तोटा एकच, गाण्यांचा. बिझनेस अकाउंटला गाजलेली बरीचशी गाणी मिळत नाहीत, कारण त्यांचे हक्क व्यावसायिक वापरासाठी घेतलेले नसतात. त्यावर पळवाटा शोधू नका. अ‍ॅपमध्येच व्यावसायिक वापरासाठी मोकळं संगीत असतं, ते घ्या. किंवा तुमच्या कामाचाच आवाज ठेवा. रंध्याखाली लाकूड सोलतानाचा आवाज कुठल्याही गाण्याला भारी पडतो.

रोज पोस्ट टाकावी लागते का?

नाही. आठवड्याला दोन, पण वर्षभर. पहिल्या महिन्यात तीस आणि मग शुकशुकाट, असं झालं की बघणाऱ्याला वाटतं धंदा बंद पडला.

पण टाकायचं काय? मला काही सुचत नाही.

सुचायची गरजच नाही, गिऱ्हाईक रोज विषय देतं. ते काउंटरवर किंवा फोनवर जे विचारतं ते एका वहीत लिहून ठेवा. ‘धुतल्यावर रंग जाईल का?’ ‘किती दिवस लागतील?’ ‘जुनं परत घेता का?’ यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक पोस्ट. एकाने विचारलं म्हणजे तोच प्रश्न मनात ठेवून न विचारता गेलेले आणखी असतात.

एक उदाहरण जवळून बघा. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिवलेल्या कपड्याचा छान फोटो टाकला, खाली लिहिलं ‘नवीन डिझाइन! आजच संपर्क करा!!’ त्याच बाईंनी तोच कपडा उलटा करून आतली शिवण दाखवली आणि लिहिलं, ‘आत अर्धा इंच कापड जास्त ठेवते. पुढे अंगात घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं.’ दुसऱ्या फोटोत सौंदर्य कमी आहे, पण विश्वास कशावर बसेल ते तुम्हीच ठरवा. ही अर्ध्या इंचाची गोष्ट कारागिराला इतकी साधी वाटते, की ती सांगण्यासारखी आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

फोटोसाठी महागडा कॅमेरा नको. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, पुसलेली लेन्स आणि मागचा पसारा बाजूला, एवढं पुरे. लेन्स पुसा हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. धूसर फोटोंचं निम्मं कारण बोटांचा तेलकटपणा असतं. रील उभी घ्या, ९:१६ मापात.

पोस्टवर किंमत लिहावी की ‘किमतीसाठी डीएम (खासगी मेसेज) करा’?

लिहा. ‘डीएम करा’ म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. विकायलाच बसलोय, तर किंमत सांगायला लाजायचं कशाला?

याच्या विरुद्ध बाजू मला पाठ आहे. स्पर्धक बघेल (त्याला कळतंच, तो दुसऱ्याच्या नावाने विचारून घेतो). मेसेज आला की बोलून पटवता येतं. आणि जास्त मेसेज आले की पोस्ट जास्त पसरते. शेवटच्यात थोडं तथ्य असेलही. पण किंमत न दिसल्यावर मेसेज करणाऱ्यांपेक्षा गुपचूप पुढे सरकणारे जास्त, आणि ते तुम्हाला कधीच मोजता येत नाहीत. ज्याच्या आवाक्यात नाही तो किंमत ऐकून गप्प होतो, त्याला उत्तर देण्यात तुमची संध्याकाळ जाते. किंमत लिहिली की मेसेज कमी येतात, पण जे येतात ते घ्यायच्या तयारीने येतात.

काम मापावर, मोजून द्यायचं असेल तर ‘इथपासून सुरू’ असं लिहा आणि किंमत कशामुळे वाढते ते एका ओळीत सांगा. तेवढ्यावर माणूस स्वतःचा हिशेब मांडतो.

चौकश्या येतात, पण ऑर्डर होत नाहीत. जाहिरात वाढवू का?

आधी इनबॉक्स वाचा. मी एकदा अशाच तक्रारीवरून एका ओळखीच्या व्यावसायिकाचा मागच्या महिन्याचा इनबॉक्स शेजारी बसून वाचून काढला. ‘हे अजून आहे का?’ असं कुणीतरी रात्री विचारलेलं, तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर : ‘हो’. बास. ना किंमत, ना कधी मिळेल, ना पैसे कसे द्यायचे. समोरच्याने पुढे काही लिहिलं नाही. असे संवाद एकाखाली एक. आणि ‘मेसेज रिक्वेस्ट’ नावाचा कप्पा तर त्यांनी उघडलाच नव्हता. अनोळखी माणसांचे मेसेज इन्स्टाग्राम तिथे टाकतं, आणि नवं गिऱ्हाईक अनोळखीच असतं! आम्ही जाहिरातीला हातही लावला नाही. आधी तो कप्पा उपसला.

उत्तराचा एक कच्चा मसुदा तयार ठेवा : आहे किंवा नाही, किंमत, कधी मिळेल, आणि शेवटी समोरच्याला सोपं उत्तर देता येईल असा एक प्रश्न. ‘निळा हवा की करडा?’ असं विचारलं की बोलणं पुढे जातं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये असे मसुदे ‘क्विक रिप्लाय’ म्हणून साठवता येतात आणि धंदा बंद असतानाचा आपोआप जाणारा निरोपही लावता येतो. त्या निरोपात ‘लवकरच संपर्क करू’ लिहू नका, ‘सकाळी १० नंतर उत्तर देते’ असं लिहा. माणूस वेळ सांगितली की थांबतो.

फॉलोअर विकत मिळतात म्हणे. सुरुवातीला हजारभर घेतले तर?

खोगीरभरती आहे ती. त्यातले बरेच खोटे असतात, उरलेल्यांना तुमच्याशी देणंघेणं नसतं. पोस्ट टाकली की प्लॅटफॉर्म ती काही जणांना दाखवून अंदाज घेतो. त्यात हे मुडदे आले तर प्रतिसाद शून्य, आणि पोस्ट तिथेच बसते. नियमाविरुद्ध आहे ते वेगळंच.

फॉलोअर खरे आहेत, तरी पोस्ट मूठभरांनाच दिसते. असं का?

कारण फॉलो करणं म्हणजे वर्गणी भरणं नव्हे. कोणाला काय दाखवायचं हे प्लॅटफॉर्म दर वेळी नव्याने ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने उघडच जाहीर केलं, की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना प्राधान्य देणार, व्यवसायांच्या पेजना कमी. फुकट पोहोच त्याआधीपासूनच आटत होती. ‘अल्गोरिदमने मला दाबलंय’ असं वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच तसं आहे. लोक ज्या पोस्ट साठवून ठेवतात किंवा दुसऱ्याला पाठवतात त्या पुढे जातात. टाकण्याआधी स्वतःला विचारा, ही मी कुणाला पाठवली असती का?

हॅशटॅग किती लावू?

तीन-चार, नेमके. त्यापेक्षा कामाचे साधे शब्द मजकुरातच लिहा, शोध त्यावरही चालतो.

एक रील लाखभर लोकांनी बघितली, ऑर्डर एकही नाही.

गाजराची पुंगी. वाजली तेवढी वाजली. तुम्ही ज्या भागात सेवा देता त्याबाहेरच्या लाखभरांनी बघून काय होणार? तरी ती फुकट घालवू नका. त्या रीलखाली आलेले प्रश्न वाचा, आणि ‘तुम्ही कोण, काय करता, कुठे मिळतं’ हे सांगणारी पोस्ट प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करा. रील बघून प्रोफाइलवर आलेल्याला तेच कळत नसेल, तर तो परत का येईल?

‘बूस्ट’चं बटण दाबावं का?

पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं हे बटण. दाबू शकता, पण ते घाईचं बटण आहे. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवायची जागा) तीच जाहिरात कोणाला, कुठे, कशासाठी दाखवायची हे जास्त बारकाईने ठरवता येतं. तिथला पहिलाच प्रश्न, उद्दिष्ट काय, सगळ्यात महत्त्वाचा. ‘जास्त लोकांना दिसू दे’ म्हणालात तर यंत्रणा फक्त बघणारे शोधते. ‘मेसेज हवेत’ म्हणालात तर मेसेज करणारे शोधते. जे मागाल तेच मिळतं, अगदी शब्दशः.

आयफोनच्या अ‍ॅपमधून फेसबुक किंवा इन्स्टाग्रामची पोस्ट बूस्ट केली तर अ‍ॅपलचं ३० टक्के सेवाशुल्क वर लागू शकतं, हे २०२४ मध्ये सुरू झालं. तेच काम ब्राउझरमधून करा.

जाहिरातीवर किती खर्च करावा?

किती हे विचारण्याआधी एका ऑर्डरमागे तुमच्या हातात काय उरतं ते काढा. समजायला सोपे आकडे घेऊ. सगळा खर्च वजा जाता एका ऑर्डरमागे ३०० उरतात. जाहिरातीवर ५०० घातले, ती ५,००० जणांना दिसली. शंभरातल्या एकाने दाबली, म्हणजे ५० जण. त्यातल्या पाच जणांनी चौकशी केली, दोघांनी घेतलं. एका ऑर्डरला जाहिरातीचा खर्च २५० पडला, हाती उरले ५०. दोघांऐवजी एकानेच घेतलं असतं तर २०० चा खड्डा.

आता या साखळीत सुधारणा कुठे स्वस्त पडते ते बघा. जास्त लोकांना दाखवायला जास्त पैसे लागतात. पाच चौकश्यांतून दोनाऐवजी तीन ऑर्डर काढायला फक्त वेळेवर, पुरतं उत्तर लागतं. म्हणून मी परत परत इनबॉक्सकडे बोट दाखवते.

आणि तेच गिऱ्हाईक वर्षातून तीनदा येत असेल तर हिशेब बदलतो. मग पहिल्या ऑर्डरला तोटा सोसणंही शहाणपणाचं ठरू शकतं. पण ते परत येतं हे वहीत दिसलं पाहिजे, मनात नव्हे.

दोन दिवसांत काहीच आलं नाही. बंद करू?

थोडं थांबा. कोणाला दाखवायचं हे यंत्रणेला शिकायला वेळ लागतो. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) हिशेबाने जाहिरात स्थिर व्हायला आठवड्यात साधारण ५० अपेक्षित कृती लागतात. छोट्या बजेटमध्ये तेवढ्या होणं कठीण, म्हणून पैसे पाच जाहिरातींत वाटू नका, एक-दोनच ठेवा. दर तासाला काहीतरी बदलू नका, मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं. आठवडाभराने मात्र निर्णय घ्या. आशेवर महिना काढू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या नंबरांना मेसेज टाकले तर?

नंबर कुठून आणले? गिऱ्हाइकाने स्वतः दिले असतील आणि ‘नवीन आलं की कळवा’ म्हटलं असेल, तर जरूर. विकत घेतलेली यादी असेल तर लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, आणि नंबरच बंद होतो. धंद्याचा एकुलता एक नंबर. नुसत्या कल्पनेनेही पोटात गोळा यायला हवा.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोहोचतो. खूप जण इथे अडकतात : मेसेज गेला असं वाटतं, पोहोचलेला नसतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, ‘नंबर सेव्ह करा, म्हणजे निरोप मिळेल.’ एवढ्याशा वाक्याने यादी जिवंत राहते. बिनकामाच्या शुभेच्छा रोज पाठवू नका.

कुणीतरी एक स्टार दिलाय, तोही खोटा. काय करू?

आधी फोन खाली ठेवा. तासाभराने उत्तर लिहा. ते उत्तर त्या माणसासाठी नसतंच, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं. चूक तुमची असेल तर मान्य करा आणि काय भरपाई केली ते एका ओळीत लिहा. गिऱ्हाइकाची खासगी माहिती, ऑर्डरचा तपशील चव्हाट्यावर आणू नका. रिव्ह्यू नियम मोडणारा असेल (शिवीगाळ, भलत्याच धंद्याबद्दल, कधी आलेलाच नाही) तर गूगलकडे तक्रार नोंदवता येते. नुसता वाईट आहे म्हणून ते काढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मग चांगले रिव्ह्यू वाढवायला सवलत देऊ?

नको. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच मागणंही बसत नाही. सगळ्यांकडे मागा, काम संपलं त्याच दिवशी, लिंक पाठवून. ‘पाच स्टार द्या’ म्हणू नका. ‘काय आवडलं, काय नाही ते लिहा’ म्हणा. लांबलचक खऱ्या वाक्यांचे चार स्टार मला कोरड्या पाचांपेक्षा जास्त पटतात.

इन्स्टाग्राम आहे, मग वेबसाइट कशाला?

दुसऱ्याच्या जागेवर दुकान थाटलंय म्हणून. छोट्या व्हिडिओंचं व्हाइन २०१७ मध्ये बंद झालं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस सामान्य लोकांसाठी २०१९ मध्ये. तिथे जमवलेले फॉलोअर कुणाला पोत्यात भरून घरी नेता आले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. ज्यांचा सगळा धंदा या तिघांवर होता त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला कळवायला चौथी वाटच नव्हती. साधी एक पानाची वेबसाइट, स्वतःच्या नावाचं डोमेन आणि गिऱ्हाइकांच्या नंबर-ईमेलची स्वतःकडची यादी, एवढी शिदोरी हवीच. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे.

एजन्सीला काम द्यावं का?

देऊ शकता, माझं पोट त्यावरच आहे. पण पेज, जाहिरात खातं आणि गूगलची नोंद यांची मालकी स्वतःकडे ठेवून एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. पासवर्ड देऊ नका. काडीमोड झाल्यावर स्वतःचंच पेज परत मिळवायला हेलपाटे घालणारे लोक मी बघितलेत. ‘महिन्यात दहा हजार फॉलोअर’ असं वचन देणाऱ्याला हात जोडा. आणि मेसेजची उत्तरं शक्यतो तुम्हीच द्या. तुमच्या मालाबद्दल तुमच्याइतकं मला कसं माहीत असणार?

‘तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, इथे लॉगिन करा’ असा मेसेज आलाय.

लिंक उघडू नका. हा फसवणुकीचा नेहमीचा डाव आहे. खरी सूचना असेल तर ती तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमध्येही दिसते, तिथे जाऊन बघा. आणि दोन टप्प्यांचं लॉगिन आजच सुरू करा, त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. बैल गेला आणि झोपा केला, असं होतं नेहमी.

मजकूर एआयकडून लिहून घेतला तर?

शुद्धलेखन, मथळ्याचे पर्याय, इंग्रजी मजकूर यासाठी खुशाल घ्या. पण ‘गुणवत्तेची परंपरा, विश्वासाचं नातं’ असलं काही आलं तर खोडा. आतल्या अर्ध्या इंच कापडाची गोष्ट तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला माहीत नसते.

ऑनलाइनचा फायदा होतोय की नाही, कसं कळणार?

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ वहीत चार रकाने आखा आणि रेघ ओढा. लिंकच्या मागे यूटीएम (माणूस कुठल्या लिंकवरून आला ते सांगणारी खूण) जोडून गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये बघणं हा पुढचा टप्पा. तो जरूर शिका, पण त्यात फोन करून येणारे दिसत नाहीत. वहीत दिसतात.

सहा महिन्यांपूर्वीच्या पोस्टला तीनच लाइक आहेत. काढून टाकू?

राहू द्या. त्या तिघांतलं कुणी गिऱ्हाईक झालंय का, ते आधी बघा.